आजार सांगण्याची किंमत: मुंबईच्या वस्तीत साथ रोखण्यासाठी विश्वास कसा उभारावा

साथीच्या दिवसांत वस्तीत फिरलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा असतो. दारावर थाप मारली की आतला टीव्ही बंद होतो, कुजबुज ऐकू येते आणि एखादे लहान मूल बाहेर येऊन सांगते, ‘घरात कोणी नाही.’ आत मात्र तापाने फणफणलेला माणूस पडलेला असतो. हे कुटुंब बेजबाबदार आहे असे ठरवून पुढच्या दाराकडे वळणे सोपे असते. परंतु त्या कुटुंबाने आपला हिशेब पक्का केलेला असतो. ताप असल्याचे सांगितले तर रोजंदारी बुडेल, घरमालक खोली रिकामी करायला लावेल, घरची बाई ज्या चार घरी धुणीभांडी करते तिथले काम सुटेल, आणि माणसाला रुग्णालयात नेलेच तर तो पुन्हा कधी दिसेल हे कोणी सांगणार नाही. आजार सांगण्याची किंमत जोवर तो लपवण्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे, तोवर भिंतीवर कितीही फलक लावले तरी ते दार उघडणार नाही.

हा लेख चाळ समित्या, गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळे, महिला बचत गट, मोहल्ला समित्या आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांना मदत करू इच्छिणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. पुढील सर्व पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती बांधलेल्या आहेत: वेळेवर आजार सांगणाऱ्या घराचे काय काय नुकसान होते, आणि त्यातले किती आपण कमी करू शकतो?

मुंबईच्या इतिहासात या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम नोंदलेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. प्रशासनाने घरांच्या झडत्या घेण्याचा आणि रुग्णांना सक्तीने हलवण्याचा मार्ग पत्करला. रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परतत नाही अशी धास्ती गिरणगावात पसरली आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, सक्ती आणखी वाढली, आणि मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. लोक रुग्ण लपवत, मृत्यू लपवत, आणि लाखोंनी शहर सोडून जात. त्यांच्याबरोबर रोगही गावोगावी गेला. पुढे सक्ती सैल झाली, आणि निरनिराळ्या समाजांनी स्वतः चालवलेल्या प्लेग रुग्णालयांना वाव मिळाला. रोग रोखण्याची इच्छा प्रशासनाकडे आरंभापासून होती. आपल्या घरच्या माणसाचे काय होणार, हे लोकांना सांगणारे मात्र कोणी नव्हते.

पहिली पायरी: मे महिन्यात वस्तीचा नकाशा काढणे

मुंबईत पावसाळ्यासोबत मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, कावीळ आणि अतिसार येतातच, म्हणून तयारीचा महिना मे हा होय. दुपारची एक बैठक घेऊन मोठ्या कागदावर वस्तीचा हाताने नकाशा काढावा. त्यात गल्ल्या आणि नळ असतीलच. त्याशिवाय पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, सार्वजनिक शौचालयाच्या कोणत्या सीटना पाणी नसते, कोणत्या खोल्यांत भाडेकरू कामगार दाटीने राहतात, कोणत्या पोटमाळ्यांवर जरीकाम, शिलाई किंवा पिशव्यांचे कारखाने चालतात, कोणत्या घरी गरोदर बाई, डायलिसिसचा रुग्ण किंवा एकटी म्हातारी व्यक्ती आहे, आणि कोणत्या गल्लीत कोणती भाषा बोलली जाते, हेही टिपावे. घरातील व्यक्तींची माहिती त्यांना विचारूनच लिहावी, आणि ती वही कोणाकडे राहील हे त्याच बैठकीत सर्वांसमोर ठरवावे.

पाण्याच्या वेळेची नोंद क्षुल्लक वाटेल, परंतु अनेकदा सारे तिच्यावरच अडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडाभर ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून कोरडे ठेवण्याचा सल्ला दिला जातो. जिथे नळाला तासभरच पाणी येते आणि उद्या येईल याची खात्री नसते, तिथल्या बाईला हा सल्ला चेष्टेसारखा वाटतो. नोटीस मिळेल या भीतीने ती पिंप पोटमाळ्यावर सरकवते आणि कीटकनाशक विभागाच्या कर्मचाऱ्याला ते दिसतही नाही. तिच्याशी आधी पाण्याचे बोलावे. पाणी हमखास येणाऱ्या दिवशी, नळ सुटण्याच्या अर्धा तास आधी उरलेले पाणी धुण्याला वापरून पिंप रिकामे करावे आणि आतली कड काथ्याने घासावी, असे वेळापत्रक गल्लीने मिळून ठरवावे. घासणे आवश्यक आहे, कारण एडिसची अंडी पाण्याच्या पातळीलगत कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

दुसरी पायरी: सांगण्याआधी ऐकणे

पहिल्या बैठकीत आरोग्यावर भाषण ठेवू नये. पंधरा-वीस माणसांच्या लहान गटांत, बायकांची बैठक वेगळी आणि त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवून, मोजके प्रश्न विचारावेत. मागच्या साथीत काय झाले? कोणत्या वागणुकीचा राग आला? ताप आला तर प्रथम कोणाला सांगता? कोणाला मुळीच सांगत नाही, आणि का? उत्तरे बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. ‘शौचालयाच्या टाकीची तक्रार तीन वेळा केली, कोणी आले नाही, आता ताप मोजायला मात्र रोज येतात’ हे वाक्य ज्या गल्लीत ऐकू येते, तिथे टाकीची तक्रार पुढे नेणे हेच साथनियंत्रणाचे पहिले काम असते. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर ती नोंदवून तक्रार क्रमांक गल्लीत सर्वांना दिसेल असा लिहावा, विभाग कार्यालयात पाठपुरावा करावा आणि काम झाले किंवा झाले नाही, दोन्ही कळवावे. आपण ऐकले याचा पुरावा लोक अशाच गोष्टींत शोधतात.

गोवराच्या लशीला नकार देणाऱ्या एका आईचे बोलणे मला पुष्कळ काही शिकवून गेले. तिचा लशीवर राग नव्हता. बाळाला दीड महिन्याचे असताना दिलेल्या इंजेक्शननंतर दोन रात्री ताप राहिला, दोन दिवसांचे काम बुडाले, आणि असे होऊ शकते हे तिला आधी कोणी सांगितले नव्हते. आम्ही तिच्या कागदावर ‘नकार’ एवढेच लिहिले होते.

तिसरी पायरी: माणसे निवडणे

पदाधिकारी आणि विश्वासाची व्यक्ती एकच असेल असे गृहीत धरू नये. मंडळाच्या अध्यक्षांचा मान राखून त्यांना सोबत घ्यावेच. परंतु ‘रात्री पोर आजारी पडले तर कोणाचे दार ठोठावता?’ या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे पुन्हा पुन्हा येतात, ती माणसे खरी उपयोगाची. बहुधा त्यांत अंगणवाडी सेविका, बाळंतपणे केलेली जुनी दाई, भिशी चालवणारी ताई, मशिदीचे इमाम, बुद्धविहारातले गुरुजी, चर्चच्या महिला मंडळातील कोणी, किराणा दुकानदार आणि शौचालयाची देखभाल करणारा माणूस असतो. परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांसाठी त्यांच्यातलाच एक जण हवा. दुसऱ्याच्या सांगण्यावर ते मान डोलावतील आणि रात्रीच्या गाडीने गाव गाठतील.

एका व्यक्तीकडे चाळीस-पन्नासहून अधिक घरे देऊ नयेत. प्रवास, फोन आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यावेत, आणि ते कोठून येणार हे आधी ठरवावे. आरोग्य सेविका आणि आशा सेविकांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर या शहराचे आरोग्य सांभाळले आहे. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकणे अन्यायाचे आहे, आणि थकलेली सेविका कोणाच्याही दारात पाच मिनिटे थांबून ऐकू शकत नाही.

निवडलेल्यांना जे इतरांना सांगायचे ते आधी स्वतः करायला सांगावे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. आपल्या गल्लीतल्या ताईनेही आपल्या नातवाला सर्वांसमोर लशीसाठी रांगेत उभे करावे.

चौथी पायरी: गल्लीतल्या दवाखान्याला सोबत घेणे

ताप आल्यावर मुंबईकर प्रथम जातो तो कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरकडे, कारण ते त्याला ओळखतात, उधारी ठेवतात आणि रात्री नऊलाही भेटतात. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी कोविडचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत आठ ते दहा लाख माणसे राहत असल्याने मोठ्या अनर्थाची भीती होती. महापालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयाने (धारावी याच विभागात येते) तिथे वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना तपासणीच्या कामात उतरवले, ताप तपासणी शिबिरे वस्तीतच भरवली, शौचालयांचे निर्जंतुकीकरण वारंवार केले आणि विलगीकरणाची सोय धारावीतच शाळा व क्रीडा संकुलात केली, म्हणजे नातेवाइकांना आपला माणूस कुठे आहे ते ठाऊक असे. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी साथ आटोक्यात आणणाऱ्या ठिकाणांच्या उदाहरणांत धारावीचे नाव घेतले. यात सक्ती मुळीच नव्हती असे नाही, आणि लोकांचे हालही पुष्कळ झाले. तरी ओळखीचा डॉक्टर समोर असल्याने ताप सांगणे सोपे झाले, असे मला मनापासून वाटते.

म्हणून जूनपूर्वी परिसरातील सर्व डॉक्टरांची यादी करून त्यांना आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी एकदा प्रत्यक्ष भेटवावे. संशयित रुग्ण आढळल्यास कोणाला फोन करायचा, रुग्ण कुठे पाठवायचा आणि तपासणीचा अहवाल उलट त्या डॉक्टरांपर्यंत कसा यायचा, एवढे तीन मुद्दे ठरले तरी पुरे. रुग्ण पाठवला की तो आपल्यापासून कायमचा तुटतो असे डॉक्टरांना वाटले तर तेही कळवायला कचरतील.

पाचवी पायरी: दारात कसे बोलावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि प्रशिक्षणात तिला सर्वांत कमी वेळ दिला जातो. दोन अर्धे दिवस याच एका गोष्टीच्या सरावाला द्यावेत; कार्यकर्त्यांनी आळीपाळीने घरचे आणि बाहेरचे होऊन बोलून पाहावे.

एका वेळी दोघांनीच जावे, त्यांपैकी एक वस्तीतली ओळखीची बाई असावी. पोलीस, कॅमेरा आणि फोटो काढणारा पुढारी सोबत नसावा. सकाळी पाणी भरण्याच्या आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नये. कामावर जाणाऱ्यांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. उंबऱ्याबाहेर उभे राहून प्रथम आपले नाव, आपण कोणाकडून आलो आणि किती मिनिटे घेणार हे सांगावे. नंतर ‘कोणाला ताप आहे का?’ असा थेट प्रश्न न टाकता, ‘काकू, या पावसात घरचे सगळे बरे आहेत ना? पाण्याचे काय चालले आहे?’ असे विचारावे. उत्तर लिहिण्याआधी ‘हे लिहू का?’ असे विचारावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे.

कोणी आजारी असल्याचे कळले तर पहिले वाक्य मदतीचे असले पाहिजे. ‘आता तपासणी करावीच लागेल’ हे बरोबर असले तरी ते तिसरे वाक्य आहे. पहिले वाक्य ‘त्यांनी काही खाल्ले का? लघवीला होते आहे का?’ असे असावे, आणि दुसरे ‘दवाखान्यात जायचे तर मी सोबत येते’ असे. साचलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसाला लेप्टोची शंका असेल तेव्हा घाईही करावी लागते, कारण प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत घ्यावी असे महापालिका दरवर्षी सांगते. अशा वेळी घाईचे कारणही सांगावे, म्हणजे ती दमदाटी वाटत नाही. नकार मिळालाच तर वाद घालू नये, दारावर खूण करू नये आणि शेजाऱ्याला बोलावून दबाव आणू नये. ‘बरे, मी गुरुवारी पुन्हा येईन’ म्हणावे आणि गुरुवारी खरोखर जावे. बहुतेक दारे दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला उघडतात, हा माझा अनुभव आहे.

सहावी पायरी: खरे, आणि तेवढेच, सांगणे

वर सांगितलेल्या आईची चूक नव्हती, म्हणून लशीबद्दल बोलताना तिचे दुष्परिणाम आधी सांगावेत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. गोवर-रुबेला लशीनंतर तो काही मुलांना आठवडाभराने येतो. त्या वेळी काय करावे आणि कोणाला फोन करावा, हे लसीकरणाच्या कागदावरच लिहून द्यावे. त्याचबरोबर गोवर किती झपाट्याने पसरतो तेही सांगावे: पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना आजार देत असते, आणि साथ थांबायला वस्तीतल्या शंभरांपैकी सुमारे ९५ मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराने मुले दगावली, तेव्हा धर्मगुरू आणि स्थानिक डॉक्टरांना साद घालावी लागली. ती साद साथ येण्याआधी घातलेली बरी.

जे ठाऊक नाही त्याबद्दल ‘आज हे ठाऊक नाही, कळले की पहिल्यांदा तुम्हाला सांगू’ असे म्हणावे. उद्या सूचना बदलली तर का बदलली हे सांगावे. गुपचूप बदललेली सूचना आधीच्या सर्व सूचनांवरचा विश्वास घालवते. अफवांसाठी एक साधी वही ठेवावी. कोणती अफवा, कोणत्या गल्लीत, कधी ऐकली एवढेच लिहावे, आणि ती पसरवणाऱ्याचे नाव लिहू नये. प्रत्येक अफवेच्या मुळाशी बहुधा एखादी खरी भीती असते. ‘लशीने मुले होत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला हसून झिडकारण्यापेक्षा त्याच समाजातील, लस घेतलेली आणि आता आई झालेली मुलगी त्याच्या बायकोशी बोलली तर फरक पडतो. व्हॉट्सअॅप गटावरचा खुलासा छोट्या ध्वनिमुद्रणाच्या रूपात, ओळखीच्या आवाजात आणि गल्लीच्या भाषेत असावा.

सातवी पायरी: विलगीकरणाची किंमत वाटून घेणे

दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहत असताना ‘वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला अर्थशून्य असतो. साथ येण्याआधीच समाजमंदिर, शाळेचे वर्ग किंवा मंडळाचे कार्यालय यांतील कोणती जागा विलगीकरणासाठी मिळेल, तिथे शौचालय आणि पंखा आहे का, बायकांची सोय वेगळी आहे का, हे विभाग कार्यालयाशी बोलून ठरवावे. घरी राहणाऱ्या रुग्णासाठी सार्वजनिक शौचालयाची एक सीट राखून ठेवणे आणि तिची वारंवार सफाई करणे शक्य असते.

मग घराचा खर्च. शिधा किती दिवसांचा, गॅस संपला तर कोण आणेल, मधुमेहाच्या गोळ्या कोण आणेल, मुलांना कोण सांभाळेल, याची यादी कुटुंबासोबत बसून करावी. मंडळाच्या वर्गणीतून किंवा बचत गटाच्या शिलकीतून छोटा साथनिधी उभा करावा. घरमालकांची बैठक घेऊन आजारपणामुळे कोणाला खोली सोडायला लावणार नाही असा शब्द सर्वांसमक्ष घ्यावा. चारचौघांत दिलेला शब्द मोडणे मुंबईच्या चाळीत अजूनही अवघड आहे. ज्या इमारतींत वस्तीतल्या बायका कामाला जातात, त्या सोसायट्यांच्या सचिवांना भेटून, आजारी असताना रजा दिल्यास पगार कापू नका, असे मागावे. लपवून आलेली बाई त्यांच्याच घरात आजार आणेल, हे त्यांनाही पटते.

रुग्णालयात दाखल केलेल्या माणसाची खबर रोज ठरलेल्या वेळी घरी पोहोचली पाहिजे. फोन लागला नाही तरी ‘आज लागला नाही, उद्या सकाळी पुन्हा करतो’ एवढे कळवावे. १८९६ मध्ये आर्थर रोडवर गेलेल्या कामगारांना हीच बातमी मिळत नव्हती.

आठवी पायरी: मृत्यू

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मृत्यू पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असला तरी, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलून दफनाची वाट मोकळी केली. ते बदलले हे योग्यच झाले. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाच्या साथीत मृतदेह कुटुंबाला न विचारता नेले जात, तेव्हा लोक रात्री लपून अंत्यविधी करत आणि त्यातूनच आजार पसरे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सुरक्षित आणि सन्मानाने दफन करण्याची पद्धत ठरवली, ज्यात कुटुंबाचा आणि धर्मगुरूंचा सहभाग अपेक्षित होता. आपल्याकडेही कोणते विधी दुरून, कोणते हातमोजे घालून आणि कोणते काही दिवसांनी करता येतील, हे प्रत्येक समाजाच्या जाणत्यांशी शांत काळात बोलून लिहून ठेवावे. दुःखाच्या घरात त्या क्षणी नियमांची चर्चा करता येत नाही.

नववी पायरी: साथ ओसरल्यावर परत जाणे

रुग्ण कमी झाले की कार्यकर्ते घरी जातात, आणि वस्तीला वाटते की यांना आपण फक्त आजारापुरते हवे होतो. शेवटच्या रुग्णानंतर महिन्याभरात सर्वांची एक बैठक घ्यावी. निधी किती जमला आणि कुठे खर्च झाला याचा हिशेब फलकावर लावावा. आपल्या कोणत्या वागण्याचा त्रास झाला ते विचारावे आणि उत्तर देण्याची घाई करू नये. ज्या घरांनी आजार वेळेवर सांगितला, त्यांच्याकडे स्वतः जाऊन त्यांची नोकरी, खोली आणि मुलांची शाळा पूर्वीसारखी चालू आहे का ते पाहावे. नसेल तर ते काम अजून संपलेले नाही.

रुग्णांच्या नावांची वही आरोग्य केंद्राला आवश्यक तेवढी माहिती देऊन झाल्यावर त्याच बैठकीत सर्वांसमोर फाडावी. अफवांची वही मात्र जपून ठेवावी आणि मे महिन्यात, नवा नकाशा काढायला बसताना, ती आधी वाचावी.